लेखणी कुणाच्या हातात, ते बघा

२५ मे २०२० रोजी मिनिआपोलिसमध्ये एका गोऱ्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा दाबून त्यांचा जीव घेतला. अमेरिकेतली शहरं रस्त्यावर उतरली. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात टीव्हीवरच्या विनोदी ॲनिमेशन मालिकांनी भराभर निर्णय जाहीर केले, कारण त्यांतल्या काळ्या किंवा मिश्रवंशीय पात्रांना गोरे कलाकार आवाज देत होते. 'बिग माउथ'मधल्या मिसीला आवाज देणाऱ्या जेनी स्लेट यांनी ती भूमिका सोडली, 'सेंट्रल पार्क'मधल्या मॉलीची भूमिका क्रिस्टन बेल यांनी सोडली. दोनच दिवसांनी 'फॅमिली गाय'मधल्या क्लीव्हलंडचा आवाज असलेले माइक हेन्री बाजूला झाले. त्याच दिवशी 'द सिम्प्सन्स'ने सांगून टाकलं की यापुढे गोऱ्या नसलेल्या पात्रांना गोरे कलाकार आवाज देणार नाहीत. याच सुमारास 'ॲडल्ट स्विम' या प्रौढांसाठीची कार्टून दाखवणाऱ्या वाहिनीने 'द बूनडॉक्स' या मालिकेचा २०१० सालचा 'द स्टोरी ऑफ जिमी रेबेल' हा भाग प्रक्षेपणातून कायमचा काढून घेतला.

या निर्णयांमागचा हेतू खोटा होता असं मी म्हणणार नाही. काळ्या कलाकारांना काम मिळायलाच हवं, आणि जुने भाग पुन्हा डोळ्यांखालून घालायलाही हवेत. पण वर्णद्वेषावरचं विनोदी कार्टून सुधारतं किंवा बिघडतं ते संहितेच्या पहिल्या खर्ड्यात. हा विनोद कुणाला लागणार, ज्याच्यावर हसायचं त्या पात्राला स्वतःचं मन आहे का, आणि हे ठरवणाऱ्यांमध्ये त्या समाजातलं कुणी बसलेलं आहे का, यावर बाकी सगळं अवलंबून असतं. आवाज बदलणं एका निवेदनात उरकतं. लेखन-टीम बदलायची तर पैसे लागतात, वेळ लागतो, आणि हातातला अधिकार सोडावा लागतो.

'द बूनडॉक्स' हे याचं सर्वांत नेमकं उदाहरण आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबायला हवं. ॲरन मॅग्रूडर या काळ्या व्यंगचित्रकाराने मेरीलँड विद्यापीठात शिकत असताना याच नावाची व्यंगचित्रमाला काढायला सुरुवात केली. १९९६ मध्ये ती विद्यापीठाच्या 'डायमंडबॅक' या दैनिकात आली, एप्रिल १९९९ पासून देशभरच्या वर्तमानपत्रांत. ११ सप्टेंबर २००१ नंतर सगळा अमेरिकी माध्यमव्यवहार एका सुरात बोलत होता, तेव्हा या चित्रमालेतला दहा वर्षांचा ह्युई एफबीआयच्या दूरध्वनी क्रमांकावर फोन करून दहशतवाद्यांना मदत करणाऱ्या अमेरिकन माणसाचं नाव सांगतो: रोनाल्ड रेगन. काही वर्तमानपत्रांनी ती चित्रं छापली नाहीत. मॅग्रूडर यांनी त्यावर काही काळ मुख्य पात्रंच बाजूला ठेवली आणि त्यांच्या जागी एक बोलका झेंडा आणि एक बोलकी फीत आणली. दोघं मिळून देशभक्तीच्या गप्पा मारत. वर्तमानपत्रांना जे हवं होतं तेच त्यांनी इतकं भरभरून दिलं की कुणाला काही बोलायला जागा उरली नाही.

६ नोव्हेंबर २००५ ला ही चित्रमाला ॲनिमेशन मालिका होऊन टीव्हीवर आली. शिकागोच्या दक्षिण भागातून आजोबा रॉबर्ट फ्रीमन आपल्या दोन नातवांना घेऊन वुडक्रेस्ट नावाच्या गोऱ्या, श्रीमंत उपनगरात राहायला येतात. ह्युई दहा वर्षांचा, पुस्तकं वाचणारा, संतापलेला. रायली आठ वर्षांचा, रॅप व्हिडिओंतल्या गुंडांना आदर्श मानणारा. ह्युईचं नाव ठेवलं आहे ह्युई न्यूटन यांच्यावरून. न्यूटन आणि बॉबी सील यांनी १९६६ मध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष काढला आणि सहा वर्षांनी मुंबईत तरुण दलित लेखकांनी त्याच्यावरूनच आपल्या संघटनेचं नाव दलित पँथर ठेवलं. त्याआधी जवळपास शंभर वर्षं, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली होती ती अमेरिकेतली गुलामी मोडण्यासाठी झटणाऱ्यांना. ह्युई फ्रीमनचा राग मराठी वाचकाला परका वाटण्याचं काही कारण नाही.

ॲनिमेशनमध्ये हा विषय हाताळणं नाटक-सिनेमापेक्षा अवघड का, हे समजून घ्यायला चित्रापासून सुरुवात करावी लागते. अमेरिकी कार्टूनची चित्रभाषाच मिन्स्ट्रेल शोच्या सावलीत वाढली. तोंडाला काजळी फासून, ओठ पांढरे-लाल रंगवून गोऱ्या नटांनी काळ्या माणसांची नक्कल करायची, असा तो प्रकार १८३० च्या दशकापासून चालत आला होता. पांढरे हातमोजे, काळा चेहरा, रुंद तोंड, गोल डोळे ही सुरुवातीच्या कार्टून पात्रांची ठेवण तिथूनच आली, असं अनेक अभ्यासक दाखवून देतात. 'टॉम अँड जेरी' आपल्याकडे घरोघरी पाहिलं गेलं. जुन्या भागांत टॉमला झाडूने बदडणारी जाड काळी मोलकरीण दिसते: पाय, परकर, चपला, आणि चेहरा मात्र जवळजवळ कधीच नाही. वॉर्नर ब्रदर्स या कंपनीच्या जुन्या कार्टूनपैकी अकरा तर इतकी उघड वर्णद्वेषी होती की १९६८ मध्ये ती प्रक्षेपणातून काढून घेण्यात आली.

म्हणजे काळ्या माणसाचं विनोदी चित्र काढायला बसलेल्या चित्रकाराच्या हाताला आधीच एक वाईट वळण लागलेलं असतं. ओठ जरा जाड काढले, डोळ्यांचं पांढरं जरा जास्त दिसलं, की जुनं व्यंगचित्र आपोआप उमटतं, मग संहिता कितीही चांगली असो. मॅग्रूडर यांनी वाट काढली ती जपानी ॲनिमेच्या रेषेतून. धारदार हनुवटी, मोठे डोळे, कपाळावर आठ्या, आणि भलामोठा, काळजीपूर्वक काढलेला केशसंभार. अतिशयोक्ती आहे, पण ती मिन्स्ट्रेलची नाही. प्रत्यक्ष चित्रण दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंत होत असे, आणि इथे प्रत्येक निर्मात्याने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे: परदेशी स्टुडिओला पात्राचा नुसता समोरचा आणि बाजूचा आराखडा पाठवून भागत नाही. तोंड उघडं असताना, ओरडताना, हसताना, मान वळवताना ओठ आणि केस कसे दिसतील याचे स्वतंत्र तक्ते द्यावे लागतात. ते दिले नाहीत तर मधल्या चौकटी काढणारा चित्रकार त्याला माहीत असलेला ठोकळा वापरतो, आणि तो ठोकळा नेमका जुनाच असतो. रंगीत चित्रण परत आल्यावर दुरुस्त्या मागता येतात, पण दर दुरुस्तीला पैसे आणि दिवस जातात, आणि वेळ संपत आली की 'चालेल' म्हणून सोडून दिलं जातं.

आता एक भाग जवळून बघू. 'रिटर्न ऑफ द किंग', १५ जानेवारी २००६. मार्टिन ल्यूथर किंग १९६८ च्या गोळीने मेले नाहीत, कोमात गेले आणि २००० मध्ये जागे झाले, अशी कल्पना. जागे झाल्यावर ते मतदानाला जातात आणि यादीतल्या घोळाचं कारण सांगून त्यांना परत पाठवलं जातं. विमानहल्ल्यांनंतर टीव्हीवरच्या एका चर्चेत ते म्हणतात की शत्रूवरही प्रेम करायला येशूने शिकवलं आहे, आणि रातोरात देशाचा लाडका नेता देशद्रोही ठरतो. इथवर टोला गोऱ्या अमेरिकेला आहे. ज्या किंगच्या नावाने सुट्टी द्यायची, त्याच किंगचं एक वाक्य ऐकून घ्यायचं नाही.

पण मॅग्रूडर तिथे थांबत नाहीत. ह्युईच्या मदतीने किंग नवा राजकीय पक्ष काढायला निघतात. सभेची जाहिरात करणारी कंपनी त्या सभेची पार्टी करून टाकते. ढणाढण संगीत, नाच, दारात मारामारी. किंग माइकपाशी उभे राहून शांतपणे सुरुवात करू बघतात, कुणी लक्ष देत नाही. शेवटी त्यांचा संयम सुटतो. काळ्या लोकांसाठीची ती जुनी शिवी वापरून ते समोरच्या गर्दीला झापतात: यासाठी मार खाल्ला का आम्ही? मग कॅनडाला निघून जातात. त्यांच्या त्या भाषणाने देश हलतो, लोक व्हाइट हाउसवर चाल करून जातात. वर्तमानपत्रात २०२० सालची बातमी दिसते, टीव्हीवरच्या लोकप्रिय निवेदिका ओप्रा विन्फ्री राष्ट्राध्यक्ष झाल्या. आणि ह्युई सांगतो की स्वप्न बघायला बरं वाटतं.

काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी लढणारे रेव्हरंड अल शार्पटन यांनी माफीची मागणी केली. किंगच्या तोंडी ती शिवी घालणं त्यांना असह्य झालं, आणि त्यांच्या दुखावण्याला मी हलकं लेखत नाही. त्या शब्दामागे चाबूक आणि फासाचे दोर आहेत. तरीही हा भाग टिकतो, त्याला पीबॉडी हा टीव्ही-रेडिओसाठीचा मानाचा पुरस्कार मिळाला तोही योग्यच होता, कारण त्यातला विनोद किंग यांच्यावर नाही. शिवी येईपर्यंत किंग यांना पूर्ण माणूस म्हणून उभं केलेलं आहे: थकलेला, सभ्य, गोंधळलेला. तो माणूस तो शब्द वापरतो तेव्हा तो शब्द त्याच्या निराशेचं माप होतो. हे केवळ धाडसाने जमत नाही. तो शब्द कोणत्या घरात कशा स्वरात उच्चारला जातो, आजोबांच्या पिढीला तो कसा लागतो आणि नातवाच्या पिढीला कसा, हे ज्याने आयुष्यभर ऐकलं आहे त्यालाच असा प्रसंग इतका तोलून लिहिता येतो.

दुसरा भाग आर. केली या गायकाच्या खटल्यावरचा, १३ नोव्हेंबर २००५. अल्पवयीन मुलीच्या लैंगिक शोषणाचे आरोप, आणि न्यायालयाबाहेर चाहत्यांची गर्दी. मालिकेतला बचाव पक्ष खटल्याला वर्णाचा रंग देतो, गाणं लावतो, न्यायालय नाचतं, आरोपी सुटतो. ह्युई उठून सगळ्यांना सुनावतो की हा माणूस गातो चांगला हे मान्य, पण म्हणून आपली पातळी इतकी घसरावी? प्रत्यक्षात केली २००८ मध्ये निर्दोष सुटले. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं ते सप्टेंबर २०२१ मध्ये, आणि पुढच्या वर्षी ३० वर्षांची शिक्षा झाली. आपल्या माणसाचा गुन्हा आपल्यावरच्या अन्यायाच्या पांघरुणाखाली झाकू नका, हे काळ्या प्रेक्षकांना एका काळ्या लेखकाने सोळा वर्षं आधी सांगितलं होतं. तेच शब्द बाहेरच्याने लिहिले असते तर ती शिकवणी झाली असती, आणि कदाचित त्याहून वाईट काही.

अंकल रकस हे पात्र तर बाहेरच्याला हात लावता येणार नाही असं आहे. काळ्याकुट्ट रंगाचा, काळ्यांचा द्वेष करणारा, गोऱ्यांची पूजा करणारा म्हातारा. आपण मूळचे गोरेच, कोडाच्या उलट असलेल्या एका त्वचारोगामुळे काळे पडलो, असं तो सांगत फिरतो. त्याच्या तोंडची वाक्यं लिहून काढली तर वर्णद्वेष्ट्यांच्या पत्रकात खपतील. तो उभा राहतो याचं कारण ह्युई, आजोबा, शेजारी सगळे त्याला ओळखतात. तो त्यांच्यातलाच आहे, आणि शतकानुशतकं कुणीतरी कानात ओतलेलं विष त्याच्या तोंडून बाहेर पडतंय हे त्यांना कळतं. काढून टाकलेल्या 'जिमी रेबेल'च्या भागात हाच रकस एका वर्णद्वेषी गायकाचा भक्त होतो आणि त्याच्याबरोबर गाणी गातो. विषय ओंगळ आहे, गाणी ऐकवत नाहीत. पण स्वतःचा द्वेष माणसाला कुठवर नेतो, हे दाखवणारा भाग वर्णद्वेषाविरुद्धच्या आंदोलनाच्या महिन्यात काढून टाकणं म्हणजे रोगाऐवजी रोगाची चाचणी फेकून देणं झालं.

आता आवाजाचा मुद्दा. ह्युई आणि रायली या दोन्ही मुलांचा आवाज रेजिना किंग यांचा आहे. एक प्रौढ स्त्री, दोन मुलगे, दोन वेगळे स्वर, आणि कुणालाही खटकत नाही. आवाज हे अभिनयाचं साधन आहे, जन्मदाखला नाही. त्याहून बोलका पुरावा चौथ्या पर्वाचा आहे. २१ एप्रिल २०१४ ला ते सुरू झालं तेव्हा मॅग्रूडर मालिकेतून गेलेले होते. रेजिना किंग होत्या, आजोबांचा आवाज असलेले जॉन विदरस्पून होते, चित्रांची ठेवण तीच होती. नव्हता तो फक्त मालिकेचा निर्माता-लेखक. आणि पाहणाऱ्याला फरक पहिल्याच काही भागांत जाणवतो. शिव्या आहेत, मारामाऱ्या आहेत, चालू बातम्यांचे उल्लेख आहेत, पण ह्युई कोपऱ्यात गेलेला आहे आणि टोला कुणाला लगावायचा हेच ठरलेलं नाही. आवाज तेच ठेवून लेखणी बदलली तर काय होतं, याचा इतका स्वच्छ प्रयोग दुसरा सापडणार नाही.

मॅग्रूडर यांच्या लेखणीलाही आंधळे कोपरे होते. मालिकेतल्या बायका बहुतेक वेळा लोभी, भांडखोर किंवा नुसत्या शोभेच्या. समलिंगी पुरुषांवरचे विनोद अनेक ठिकाणी स्वस्त आहेत. एका माणसाला त्याच्या समाजाचं अचूक दिसतं म्हणून त्याला सगळंच दिसतं असं नाही. एका टेबलावर दोन-तीन वेगळी माणसं लागतात ती म्हणूनच.

चालू घडामोडींवरच्या विनोदात आणखी एक अडचण असते, ती वेळेची. अर्ध्या तासाच्या जागेसाठी जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटांचा भाग लागतो. संहिता, टेबलाभोवतीचं वाचन, ध्वनिमुद्रण, चित्रफलक, त्यावरून कच्चं चलचित्र, मग कोरियाला रवानगी, रंगीत चित्रण परत, दुरुस्त्या, संगीत, संकलन. हाताने काढलेल्या भागाला यात सहज आठ-नऊ महिने जातात. 'साउथ पार्क' या दुसऱ्या ॲनिमेशन मालिकेने हे गणितच मोडलं. १९९७ मध्ये पहिला भाग कागद कापून, एकेक चौकट टिपून केला. पुढे तीच कागदी ठेवण संगणकावर आणली आणि स्वतःच्याच स्टुडिओत सगळं काम ठेवलं. गुरुवारी कल्पना, पुढच्या बुधवारी प्रक्षेपण. सहा दिवस. म्हणून ओबामा ४ नोव्हेंबर २००८ ला जिंकले आणि ५ तारखेला त्यावरचा भाग लागला. पण याच वेगाने २०१६ मध्ये घात केला. हिलरी क्लिंटन जिंकणार असं धरून भाग तयार होता, निकाल उलटा लागला, आणि रात्रीतून सगळं नव्याने बांधून ९ नोव्हेंबरला भाग लावावा लागला. १५ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री तर स्टुडिओतली वीज गेली आणि मालिकेच्या इतिहासात पहिल्यांदा मुदत हुकली.

'बूनडॉक्स'चा ओबामांवरचा भाग मात्र २ मे २०१० ला आला, निवडणुकीनंतर दीड वर्षाने. माहितीपटाच्या थाटात जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेर्झोग स्वतःच्याच आवाजात प्रश्न विचारतात. ओबामांचा प्रचार करणारा रॅपर टीव्हीवर जातो आणि सरकारच्या तीन शाखा कोणत्या हे त्याला सांगता येत नाही. ह्युईला विशेष आनंद झालेला नाही आणि त्यावरून लोकांना त्याचा राग येतो. वेगाने केलेला विनोद घटनेला लागतो. उशिरा केलेला विनोद सवयीला लागू शकतो. ज्यांच्याकडे आठ महिने लागणारी यंत्रणा आहे त्यांनी बातमीच्या मागे धावू नये. त्या बातमीने लोकांच्या वागण्यात काय उघडं पाडलं ते लिहावं, कारण दीड वर्षानंतरही तेच शिळं होत नाही.

मग गोऱ्या लेखकांनी या विषयाला हात लावूच नये का? लावावा, पण स्वतःच्या जागेवर उभं राहून. 'साउथ पार्क'चा ७ मार्च २००७ चा भाग याचा नमुना आहे. मालिकेतल्या स्टॅन या गोऱ्या मुलाचे वडील टीव्हीवरच्या शब्दखेळात एक अक्षर गाळलेलं कोडं सोडवताना सगळ्या देशासमोर तीच शिवी उच्चारतात. भागात ती चाळीसहून अधिक वेळा येते, एकदाही आवाज न दाबता. खरा भाग मात्र शाळेत घडतो. स्टॅन आपल्या काळ्या वर्गमित्राला, टोकनला, परत परत जाऊन सांगतो की तुला काय वाटलं ते मला कळलं. टोकन दर वेळी म्हणतो, नाही कळलं. शेवटी स्टॅनच्या डोक्यात प्रकाश पडतो की आपल्याला ते कळूच शकत नाही, आणि तसं तो बोलून दाखवतो. तेव्हा टोकन म्हणतो, आता तुला कळलं. दोन गोऱ्या निर्मात्यांनी काळ्या मुलाच्या मनात शिरण्याचा आव आणला नाही. आपल्याला कुठवर दिसतं, तेवढंच लिहिलं. त्या एका प्रामाणिकपणामुळे त्या भागातली शिवी सहन करता येते.

सर्वांत गंभीर आक्षेप हसणाऱ्यांबद्दलचा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. १९७४ मध्ये नील विडमार आणि मिल्टन रोकीच यांनी 'ऑल इन द फॅमिली' या मालिकेच्या प्रेक्षकांचा अभ्यास केला. त्यातला आर्ची बंकर हा पूर्वग्रहांनी भरलेला गोरा कामगार. लेखकांचा हेतू त्याचं हसं करण्याचा. पण ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त होते त्यांना आर्चीच आवडला, वादात तोच जिंकतो असं वाटलं. २००५ मध्ये काळे विनोदी कलाकार डेव्ह शॅपेल आपला तुफान चाललेला कार्यक्रम अर्धवट सोडून दक्षिण आफ्रिकेला निघून गेले. पुढे त्यांनी सांगितलं की काळा रंग फासलेल्या, परीकथेतल्यासारख्या बुटक्या पात्राचा एक प्रवेश करताना सेटवरचा एक गोरा माणूस ज्या तऱ्हेने हसला, त्याने ते हादरले.

यावर पक्का उपाय नाही, पण नुकसान कमी करता येतं. सगळ्यांत उपयोगी पडतो प्रतिक्रियेचा शॉट. रकस काहीतरी भयंकर बोलल्यावर कॅमेरा ह्युईच्या चेहऱ्यावर दोन सेकंद थांबतो, आणि आपण कुणाच्या बाजूने हे बघतोय ते ठरतं. २२ मिनिटांत बसवताना संकलक सर्वांत आधी हेच दोन सेकंद कापतो, कारण त्यात संवाद नसतो. तिथेच विनोदाची दिशा फिरते आणि संहितेत नसलेला वर्णद्वेष पडद्यावर येतो. म्हणून असा शॉट कापायचा असेल तर त्या प्रसंगाच्या लेखकाची संमती घ्यावी. चित्रफलकाच्या टप्प्यावरही लेखन-टीमने पुन्हा बसावं, कारण पार्श्वभूमीतली पाटी, गर्दीतला एखादा चेहरा असे दृश्य विनोद तिथे भरले जातात आणि संहिता तपासणाऱ्यांनी ते पाहिलेलेच नसतात. आणि त्या समाजातला एकच माणूस टीममध्ये घेऊ नये. एकटा असला की तो हळूहळू फक्त परवानगी देणारा किंवा नाकारणारा होऊन बसतो, विनोद लिहिणारा राहत नाही. दोघं-तिघं असले की ते आपसात भांडतात, आणि चांगलं लेखन त्या भांडणातून येतं.

जुन्या भागांचं काय करायचं याचंही उत्तर बराच काळ उपलब्ध आहे. २००५ मध्ये वॉर्नरने जुन्या लूनी ट्यून्सचा डीव्हीडी संच काढला तेव्हा सुरुवातीला व्हूपी गोल्डबर्ग येऊन सांगतात की यातली काही चित्रणं त्या काळीही चूक होती आणि आजही चूक आहेत, पण ती लपवणं म्हणजे हे पूर्वग्रह कधी नव्हतेच असं म्हणणं होईल. हाच मार्ग योग्य आहे. भाग ठेवा, आधी स्पष्ट निवेदन द्या, मुलांच्या वेळेत लावू नका. गुपचूप काढलेल्या भागावर चर्चा होत नाही, नुसती अफवा उरते.

आणि आता अपू. 'द सिम्प्सन्स'मधला किराणा दुकानदार, १९९० पासूनचा. लेखक माइक रीस यांनी सांगितलं आहे की संहितेतला दुकानदार भारतीय नव्हता. त्याला आवाज देणारे गोरे अभिनेते हँक अझारिया यांनी वाचनात भारतीय धाटणीचा उच्चार लावला, टेबलाभोवती हशा पिकला, आणि तसाच तो राहिला. म्हणजे इथे उच्चार हाच विनोद होता. रेजिना किंग आणि अझारिया यांच्यातला फरक नेमका हा आहे. संवाद साध्या, सपाट उच्चारात वाचून बघावा. विनोद उरला तर तो लिहिलेला विनोद. हवेत विरला तर तो एका समाजाच्या बोलण्यावरचा विनोद, आणि तो कुणीही बोलला तरी तसाच राहील. अमेरिकेत वाढलेल्या भारतीय मुलांना, त्यात मराठी घरांतलीही आली, शाळेत अपूच्या ठरलेल्या वाक्यांनी चिडवलं गेलं, कारण टीव्हीवर त्यांच्यासारखा दिसणारा दुसरा जवळपास कुणी नव्हताच.

भारतीय वंशाचे अमेरिकी विनोदवीर हरी कोंडाबोलू यांनी २०१७ मध्ये यावर माहितीपट केला. एप्रिल २०१८ मध्ये मालिकेने उत्तर दिलं ते लिसाच्या तोंडून: एके काळी ज्याला टाळ्या पडल्या ते आज अयोग्य ठरतं, करणार काय? मालिकेतल्या सर्वांत विवेकी मुलीला असं खांदे उडवायला लावणं हे त्या मालिकेच्या लेखनातलं फार वाईट पान आहे. शहाणपण दाखवलं अझारिया यांनीच. त्याच महिन्यात ते टीव्हीवर म्हणाले की आपण बाजूला व्हायला तयार आहोत, आणि लेखन-टीममध्ये दक्षिण आशियाई लेखक असायला हवेत. २०२० मध्ये त्यांनी भूमिका सोडली. त्यांच्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग अमलात आला. अपू आता गर्दीत उभा दिसतो, बोलत नाही.

हे मौन मला मान्य नाही, कारण याच अपूवर ५ मे १९९६ ला एक उत्तम भाग झाला होता. स्प्रिंगफील्डमध्ये अस्वल येतं, त्याच्या बंदोबस्तासाठी कर वाढतो, लोक चिडतात, आणि महापौर सगळा राग बेकायदा स्थलांतरितांवर ढकलून देतो. कॅलिफोर्नियात १९९४ मध्ये बेकायदा स्थलांतरितांच्या सोयी बंद करणारा १८७ क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर झाला होता, त्याच्यावरचा तो थेट वार होता. संगणकशास्त्रात डॉक्टरेट करायला आलेला अपू खोटी कागदपत्रं घेतो, आपला देव आणि आपलं बोलणं लपवू बघतो, आणि मग त्याची त्यालाच लाज वाटते. तिथे त्याला मन होतं.

१५ सप्टेंबर २००१ ला ॲरिझोनातल्या मेसा शहरात बलबीरसिंग सोधी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपाबाहेर गोळ्या घालण्यात आल्या, पगडी बघून. मारणाऱ्याला ते मुसलमान वाटले. चोवीस तास दुकान उघडं ठेवणाऱ्या, येणाऱ्या प्रत्येकाला ओळखणाऱ्या भारतीय माणसाच्या आयुष्यात भीती कुठल्या दारातून येते, व्हिसाच्या रांगेत त्याच्या मुलांची वर्षं कशी जातात, आणि तो स्वतः काळ्या गिऱ्हाइकाकडे कोणत्या नजरेने बघतो, यावर भाग लिहू शकणारे भारतीय वंशाचे लेखक आज अमेरिकेत आहेत. त्यांना कामावर घ्यावं, निर्णयाचा अधिकार द्यावा, आणि अपूला पुन्हा बोलतं करावं. काळ्यांकडे तसं बघण्याच्या त्याच्या सवयीबद्दलही त्यांनी लिहावं. ती आपली आहे, आणि ती आपणच लिहायला हवी.